पेलाभर न्याहारी



“आई, भूक नाही,” हे वाक्य सकाळी पावणेसातला ज्या घरात ऐकू येत नाही, ते घर भाग्याचं म्हणायचं! बाकीच्या आपण साऱ्याजणी पोहे परततो, पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करतो आणि शेवटी “निदान दूध तरी घे,” म्हणत मुलांच्या मागे दारापर्यंत जातो. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवायला जाते. सकाळच्या शाळेत तिसऱ्या तासाला पाहावं, तर चार-सहा मुलं बाकावर डोकं टेकून बसलेली असतात. कुणाचं डोकं दुखतं, कुणाला चक्कर येते. “सकाळी काय खाल्लंस?” याचं उत्तर बहुधा “काही नाही,” किंवा “चहा-बिस्किट,” असंच येतं. उपाशी पोटी गणित कसं शिरणार डोक्यात?

याच मुलांच्या तोंडी हल्ली एक नाव मात्र सारखं असतं, चॉकलेट पीनट बटर स्मूदी. बाहेर एका पेल्याला दीडशे-दोनशे रुपये मोजावे लागतात, म्हणून आपल्याला वाटतं की हे काहीतरी चैनीचं प्रकरण असणार. उलगडून पाहिलं तर आत निघतं काय? दूध, केळं, शेंगदाणे आणि कोको. यांतल्या पहिल्या तीन वस्तू आपल्या स्वयंपाकघराला नव्या नाहीत. दूध-केळं म्हणजे आपली शिकरणच की! त्यात दाणे वाटून घातले, चवीला कोको घातला आणि मिक्सरमधून काढलं, की झाली स्मूदी. मी मात्र हा पदार्थ लाड म्हणून सांगत नाही, न्याहारी म्हणून सांगते आहे. जेवणखाण झाल्यावर वरून प्यायला दिलात तर तो जडच होईल. खाण्याच्या जागी दिलात तरच अंगी लागेल.

आता यातला खरा जीव आहे शेंगदाण्यात. भुईमूग हा मूग-मटकीच्याच कुळातला. फूल वर येतं, मग त्याच्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत धरते. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात आणि चाळीस ते पन्नास ग्रॅम स्निग्धांश. म्हणूनच मूठभर दाणे खाल्ले की बराच वेळ भूक लागत नाही.

आणि पीनट बटर या नावाला बिचकू नका. सोलापूरची शेंगाचटणी आठवा. उखळात कुटून कुटून दाण्यांना तेल सुटतं, तेव्हा कुठे ती चटणी जमते. तिखट-लसूण न घालता तेच कूट आणखी पुढे वाटत नेलं, की पीनट बटर. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आलं आणि घराघरात वाचलं गेलं. तेव्हापासून पुष्कळांचा समज आहे की पीनट बटरचा शोध कार्व्हरांनी लावला. तसं नाही. भाजलेल्या दाण्यांच्या अशा लगद्याचं पेटंट कॅनडातल्या मार्सेलस एडसन यांनी १८८४ सालीच घेतलं होतं. कार्व्हरांचं मोठेपण निराळं. १९१६ साली त्यांनी एक पुस्तिका काढून शेंगदाणा घरात खाण्याच्या १०५ रीती गरीब शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत पोचवल्या. शेतात पिकतं ते आपल्याच ताटात यावं, ही ती दृष्टी. आपण मात्र डब्यातले दाणे सोडून तेच दाणे बरणीत घालून महागात विकत आणतो!

आधी दाण्याचं लोणी

पाव किलो कच्चे शेंगदाणे घ्या आणि पहिल्यांदा ते ताटात पसरून निवडा. ही पायरी कंटाळा आला तरी गाळायची नाही. बुरशी आलेले, काळे पडलेले, सुरकुतलेले आणि खवट दाणे काढून टाका. दमट हवेत ठेवलेल्या दाण्यांवर एक बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष सापडलं. ते यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं पुरतं नाहीसं होत नाही. तेव्हा “भाजले की सगळं मरतं,” असं समजू नका. कडू लागणारा दाणा थुंकून टाकावा, हे आपल्या आजीचं सांगणं अगदी खरं होतं.

निवडलेले दाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, हलवत राहून भाजा. सालं तडकली आणि खमंग वास सुटला की उतरवा. करपू देऊ नका, नाहीतर सगळी बरणी कडू होते. कोमट झाले की चोळून सालं काढा आणि सुपात पाखडून घ्या.

आता मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दाणे अर्ध्यापर्यंतच भरा. थांबून थांबून फिरवा. आधी नेहमीचं कूट होईल. मग त्याचा ओलसर गोळा होऊन कडेला चिकटेल. इथे पुष्कळजणी धीर सोडतात आणि पाणी घालतात. पाणी अजिबात घालायचं नाही, त्यानं लोणी टिकत नाही. कडेचं खरवडून मध्ये घ्या, मिक्सर जरा थंड होऊ द्या आणि पुन्हा फिरवा. दोन-चार वेळा असं केलं की दाण्यांना तेल सुटतं आणि गोळा सैल होऊन चमच्यावरून ओघळू लागतो. फारच कोरडं वाटलं तर चमचाभर शेंगदाण्याचं तेल घाला. चिमूटभर मीठ घातलं की झालं. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. महिनाभर छान राहतं. वर तेलाचा थर आला तर बिघडलं असं समजू नका, ढवळून घ्या. बाजारच्या बरणीत तो थर येऊ नये म्हणून घट्ट राहणारं तेल घालतात आणि पुष्कळदा साखरही.

मग पेला

साहित्य (दोन पेल्यांसाठी): तापवून गार केलेलं दूध ४०० मिलिलिटर, दाण्याचं लोणी दोन मोठे चमचे, चांगली पिकलेली मध्यम केळी दोन, बिनसाखरेची कोको पावडर तीन लहान चमचे, चिमूटभर मीठ. दोन पेल्यांचं प्रमाण का दिलं, ते शेवटी सांगते.

कृती: केळी रात्रीच सोलून, चकत्या करून डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. सकाळी बर्फ घालावा लागत नाही, त्यामुळे पेय पाणचट न होता आइस्क्रीमसारखं दाट होतं. सर्दीचा त्रास असेल तर बाहेरची केळी वापरा, काही अडत नाही. कोको थंड दुधात कधी विरघळत नाही, गुठळ्या होऊन वर तरंगतो. म्हणून वाटीत कोको घेऊन दोन चमचे गरम दुधात आधी कालवा. मिक्सरच्या भांड्यात पहिल्यांदा दूध, मग कालवलेला कोको, मग लोणी, मीठ आणि शेवटी केळी घाला. या क्रमानं घातलं की लोणी तळाशी चिकटून बसत नाही. मिनिटभर फिरवा. गरम दूध मात्र भांड्यात घालून झाकण लावू नका. वाफेनं झाकण उडतं आणि हात भाजतो.

केल्यावर लगेच प्यायचं. डब्यात किंवा बाटलीत घालून शाळेत पाठवायचा हा पदार्थ नाही. भांडं तेव्हाच धुऊन टाका, नाहीतर दाण्याचा तेलकट वास दोन दिवस जात नाही.

साखर कुठाय?

कृतीत साखर नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं घेतलं तर साखर लागतच नाही. मुलांना पहिले दोन दिवस कमी गोड वाटलं, तर बिया काढलेला खजूर एक-दोन घाला. गूळ आणि मध “नैसर्गिक” म्हणून सढळ हातानं घालू नका, शेवटी त्याही साखराच.

कोको पावडर आणि ड्रिंकिंग चॉकलेट यांत मोठा फरक आहे. वेष्टनावर घटकांची यादी असते, त्यात जो पदार्थ वजनानं सर्वांत जास्त तो पहिला लिहितात. यादीत साखर पहिली-दुसरी असेल, तर तुम्ही कोको नव्हे, कोको लावलेली साखर विकत घेत आहात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली असावी, आणि पाच टक्क्यांखाली आणली तर अधिक चांगलं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसभरात सुमारे सहा लहान चमचे. त्यात चहा, बिस्किटं, गोडधोड सगळं आलं.

दुधात घालायच्या डब्यांचंही तसंच. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका. कारण काय, तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. इतकी वर्षं ज्या शब्दावर विसंबून आपण डबे आणले, त्या शब्दाला कायद्यात जागाच नव्हती!

आपल्या पेल्याचा हिशोब उघड आहे. एका पेल्यात साधारण ११-१२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, म्हणजे जवळजवळ दोन अंड्यांइतकी. उष्मांक ३०० ते ३५०, म्हणजे तीन-साडेतीन फुलक्यांचे. म्हणूनच म्हटलं, ही न्याहारी आहे. पोह्यांवर वर पेला द्यायचा नाही.

एवढं सांभाळा

काही मुलांना शेंगदाणा मुळीच सोसत नाही. खाल्ल्यावर ओठ-तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. दुसऱ्याच्या मुलाला हा पेला देण्याआधी त्याच्या आईला विचारा. अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊच नयेत, घशात अडकतात. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. कोकोत थोडं कॅफीन असतं, तेव्हा मुलांना झोपायच्या वेळी देऊ नका. ज्यांच्या घरी दूध-केळं एकत्र चालत नाही, त्यांनी केळ्याऐवजी भिजवलेले चार-पाच खजूर घ्यावेत. उपासाला कोको गाळून दूध, दाणे आणि खजूर घेतले, तर दिवसभर चहावर राहण्यापेक्षा कितीतरी बरं.

दुसरा पेला कुणाचा?

आता दोन पेल्यांचं सांगते. एक मुलाचा. दुसरा साहेबांचा नव्हे, सासूबाईंचा नव्हे (त्यांच्यासाठी हवं तर प्रमाण वाढवा). दुसरा तुमचा आहे.

सगळ्यांचे डबे भरून, भांडी आवरून आपण दहा-साडेदहाला उरलेली पोळी चहात बुडवून खातो आणि तिला न्याहारी म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. या पेल्यानं रक्त वाढेल असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट दूध आणि कोको यांच्यामुळे लोह अंगात कमी शोषलं जातं. तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या या पेल्याबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. पण ज्या घरात बाई स्वतः वेळेवर खात नाही, तिथे गोळ्या तरी किती पुऱ्या पडणार?

मिक्सर एकदाच फिरवायचा आहे. मुलाबरोबर उभ्याउभ्या का होईना, पण त्याच वेळी तुमचाही पेला संपवा. आईला घेताना पाहिलं की मुलं अर्धा पेला टाकून पळत नाहीत, हा त्यातला आणखी एक फायदा. घरात कुणी विचारलंच, “आज तूसुद्धा?” तर सांगा, “हो, आजपासून रोज!”