आधी ॲड्रेनलिन, मग बाकीचं

'ॲलर्जी' या शब्दाचा मला हल्ली भयंकर राग येतो. पुण्यात त्याचा अर्थ शिंका, एक सेट्रिझिन आणि जमलंच तर सोमवारची सुट्टी. माझ्या गावी, सावलीला, त्याचा अर्थ "काही नाही जी, ॲलर्जी आहे, एक सुई मारतो." म्हणजे दोन्हीकडे अर्थ एकच : काळजीचं कारण नाही. आज मला भांडायचंय ते याच समजाशी.

सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मूलहून गडचिरोलीला जाताना लागतं. धानाची शेती, आजूबाजूला जंगल. गेल्या उन्हाळ्यात माझे मामा पहाटे मोह वेचायला गेले आणि आग्यामोहोळ उठलं. पाच-सहाच डंख. तिकडे याचं कोणाला विशेष नाही. पण दहा मिनिटांत मामांच्या अंगभर गांध्या उठल्या, आवाज घोगरा झाला, घेरी यायला लागली. मामेभावाने त्यांना मोटरसायकलवर मधे बसवून एका दवाखान्यात नेलं. तिथे एव्हिल आणि डेक्सा. "सुई मारली ना, आता बरं वाटन." बाहेर बाकावर बसवलं. मामा बाकावरूनच खाली कोसळले.

मग जीप, मग दुसरं ठिकाण. तिथल्या सिस्टरने मामांना आडवं केलं, पाय उंच केले आणि डॉक्टरांनी सांगताक्षणी मांडीत एक इंजेक्शन दिलं. सलाईन त्यानंतर. थोड्या वेळाने मामांनी डोळे उघडले. पहिला प्रश्न : "माझी टोपली कुठी हाय?"

ते इंजेक्शन होतं ॲड्रेनलिन. काही नवीन शोध नाही. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०१ च्या सुमारास ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. म्हणजे सव्वाशे वर्षं जुनं औषध, आणि एक ॲम्प्युल आपल्या कॅफेतल्या कॉफीपेक्षा स्वस्त! तरी पहिल्या ठिकाणी ते दिलं गेलं नाही. का?

आधी साधा हिशोब बघू. तीव्र ॲलर्जीत, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसमध्ये, रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाझरायला लागतात. रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. एव्हिल फक्त हिस्टामिनला अडवतं. खाज कमी होईल, पण कोसळलेला रक्तदाब वर येणार नाही. डेक्सासारख्या स्टेरॉइडला परिणाम दाखवायला तास लागतात. ॲड्रेनलिन काही मिनिटांत रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं, सूज उतरवतं. सर्व्हर बंद पडलाय आणि आपण वॉलपेपर बदलतोय, असा प्रकार आहे एव्हिल-डेक्साचा. ब्रिटनच्या रिससिटेशन कौन्सिलने तर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हिस्टामिनविरोधी औषधं सुरुवातीच्या उपचारातून काढून टाकली आणि स्टेरॉइड सरसकट देऊ नका म्हणून सांगितलं.

आता ठरलेले आक्षेप.

एक : "ॲड्रेनलिनने हार्टवर ताण येतो." ही भीती मुख्यतः शिरेतून, जास्त मात्रेत दिलेल्या ॲड्रेनलिनची आहे. इथे ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत द्यायचं असतं. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या १ मिलिग्रॅमच्या ॲम्प्युलमधलं अर्धं. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. छाती धडधडते, हात थरथरतात, खरंय. पण रक्तदाब कोसळलेल्या माणसाला ते न देणं जास्त धोक्याचं आहे.

दोन : "दर गांधीला काय ॲड्रेनलिन द्यायचं?" नाही हो! नुसत्या गांध्या असतील तर सेट्रिझिन पुरतं. पण त्याबरोबर धाप, घोगरा आवाज, घेरी, सारखी उलटी यातलं काही आलं, की तो वेगळा आजार समजायचा.

तीन, आणि हा माझा आवडता : "खेड्यात हे कोण करणार?" वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा त्या देत. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलंय. गावातली बाई दोन किलोच्या बाळाला सुई देऊ शकते, आणि डिग्रीवाल्याला मोठ्या माणसाच्या मांडीत देता येणार नाही? २०२१ साली कोविडच्या लसीनंतर आपल्याला अर्धा तास खुर्चीवर बसवून ठेवत, आठवतंय? ते याचसाठी. लसीकरणाच्या जागी पेटीत ॲड्रेनलिन ठेवलेलं असायचं. म्हणजे औषध पोचवता येतं. अडलंय ते सवयीपाशी.

आणि ही सवय फक्त खेड्यातली नाही, बरं का. आपण काय करतो? शंभर पदार्थांची रक्ततपासणी करून घेतो, रिपोर्टात चार लाल आकडे दिसले की दूध, अंडी, शेंगदाणे बंद. त्या आकड्याचा अर्थ 'शरीर हा पदार्थ ओळखतं' एवढाच असू शकतो. खाऊन त्रास होत नसेल तर ती ॲलर्जी नव्हे. एवढा खर्च करणाऱ्या आपल्या ऑफिसच्या प्रथमोपचार पेटीत काय असतं? बँडेज आणि एक्स्पायरी उलटलेलं मलम. गडावर आग्यामोहोळ उठल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो, पण ट्रेकच्या ग्रुपला "ॲड्रेनलिन कोणाकडे आहे, द्यायचं कोणाला येतं?" असं मी तरी कधी विचारलं नव्हतं. सोमवारी ऑफिसात विचारा. उत्तर बहुतेक माझ्यासारखंच मिळेल.

कायमचा उपायही आहे. मधमाशीच्या विषाचीच अगदी थोडी मात्रा वाढवत नेणारी इम्युनोथेरपी १९७८ पासून सिद्ध आहे. पण ती तीन ते पाच वर्षं चालते, आणि सावलीहून तेवढ्या खेपा घालणं मामांना जमणारं नाही. तोवर काय?

तोवर एवढंच : डॉक्टरांनी मामेभावाला मात्रा कागदावर लिहून दिली, दोन ॲम्प्युल आणि सिरिंज दिल्या. त्या सिस्टरने त्याच्याकडून संत्र्यावर सुई टोचायचा सराव करून घेतला. विदर्भात संत्र्याला काय तोटा! या वर्षी मोहाच्या दिवसांत मामा पुन्हा जंगलात गेले. टोपली मामांच्या डोक्यावर, डबी मामेभावाच्या खिशात.