रिवाइंडवाल्यांना एक विचारायचंय

सध्या जुन्या गेम्सची लाट आलीय. ज्याला त्याला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पुन्हा खेळायचाय. खेळा ना, कोण नाही म्हणतंय! पण एम्युलेटरमधलं रिवाइंडचं बटण दाबत, काट्यांवर पडलं की चार सेकंद मागे जात गेम संपवायचा आणि वर "काहून बाप्पा, यात अवघड काय होतं?" असं विचारायचं, हे आपल्याला पटत नाही.

मी काही "ओरिजिनलच खेळा" म्हणणाऱ्या सोवळ्यातला नाही. जॉर्डन मेकनरने हा गेम १९८९ साली काढला तो ॲपल टू वर. ते यंत्र नागपुरात किती जणांनी पाहिलं असेल? सीताबर्डी-धरमपेठेच्या कॉम्प्युटर क्लासांत एका मशीनभोवती चार पोट्टे बसून खेळायचो तो १९९० चा डॉसवरचा अवतार, म्हणजे पोर्टच. तेव्हा पोर्टला नाकं मुरडायचा आपल्याला अधिकारच नाही. १९९२ साली सुपर निन्टेंडोवर तर १२ च्या २० लेव्हल केल्या आणि ६० मिनिटांची १२०. तेही चालेल. घड्याळ शाबूत होतं ना!

कारण हा गेम उड्यांचा नाहीच, तासाचा आहे. एका तासात पोचला नाहीत तर राजकन्या गेली. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून, पण घड्याळ मागे येत नाही. म्हणून तर शिफ्ट दाबून एकेक पाऊल मोजत काट्यांमधून जायची सोय दिलीय. जपून चाला तर वेळ जातो, धावा तर जीव जातो. रिवाइंड आलं की हा पेचच संपला. मग उरतं काय? पायजमा घातलेला एक माणूस आणि बऱ्याच भिंती.

"तेव्हा तुम्ही काय चीट करत नव्हता?" करत होतो की! 'मेगाहिट' टाइप करणारे आम्हीच. पण त्याला आम्ही चीटच म्हणायचो, 'फीचर' नाही. आणि चीट न लावता शिफ्ट-एल दाबून सुरुवातीच्या लेव्हल ओलांडल्या तर घड्याळ तडक १५ मिनिटांवर यायचं. आडवाटेलाही टोल होता, राव!

ही गोष्ट ज्यांना कळली त्यांनी ती जपलीसुद्धा. डॉसची आवृत्ती उलगडून हौशी लोकांनी 'एसडीएल-पॉप' नावाचा फुकट पोर्ट केलाय. त्यात कुठेही सेव्ह करता येतं, पण मागे गेलात की दंड म्हणून मिनिटभरापर्यंत वेळ कापायची व्यवस्थाही आहे. सोय द्यायची आणि किंमतही शाबूत ठेवायची, हे जमतं. जमवायची इच्छा हवी.

तेव्हा रिवाइंडवाल्यांनो, तुम्ही शेवटचं दार पाहिलंत, मान्य. पण तिथे पोचलात तेव्हा किती मिनिटं उरली होती, तेवढं सांगा.