यकृताचा रोग आणि शिधापत्रिका

यकृत बिघडते ते दारूने, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यामुळे मानोरा तालुक्यातल्या एखाद्या निर्व्यसनी स्त्रीच्या तपासणीत ‘फॅटी लिव्हर’ निघाले, की घरात आधी आश्चर्य आणि मग संशय उभा राहतो. वास्तविक मधुमेह, रक्तदाब व पोटाचा वाढता घेर यांच्या सोबतीने येणारा हा विकार दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्यांत सर्रास आढळतो. तो दुखत नाही, खुपत नाही. काहींच्या यकृतावर मात्र वर्षानुवर्षे वण पाडत राहतो. कावीळ वा जलोदर दिसतो तेव्हा परतीची वाट जवळजवळ बंद झालेली असते.

हा सुखवस्तूंचा रोग आहे असे म्हणणाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेले काम पाहावे. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. परंतु आपल्या बालकांत उणे होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. गर्भात अपुरा पोसलेला देह पुढे चरबी साठविण्याकडे झुकतो, असा या अभ्यासाचा रोख आहे. दारिद्र्य असे यकृतापर्यंत पोहोचते.

मानोऱ्याचा शेतकरी सोयाबीन व तूर पिकवितो आणि बाजारात घालतो. शिधापत्रिकेवर हाती येतो तो मुख्यतः गहू-तांदूळ. वर भूक मारायला गोड चहा. अशा माणसाला ‘डाळी खा, साखर सोडा’ एवढेच सांगून मोकळे होणे ही शुद्ध चलाखी आहे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, २०२४ मध्ये सुधारित सूचनाही काढल्या. स्वागतच आहे. पण घरोघरी जाऊन कमरेचा घेर मोजायचा तो आशा सेविकेने, जिला वेतन नव्हे, मोबदला मिळतो आणि तोही वाढवून घेण्यासाठी २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले!

काम मुळात अवघड नाही. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, स्त्रीची ८० सेंटिमीटर ओलांडली, किंवा मधुमेह असला, की यकृताची शंका घ्यावी. यकृताची दोन विकरे, रक्तातील प्लेटलेट व वय यांवरून एक आकडा निघतो. तो १.३ च्या खाली असेल तर वण पडले असण्याची शक्यता थोडी, २.६७ च्या वर गेला तर मोठ्या रुग्णालयात धाडलेच पाहिजे. उपचाराचा पाया म्हणजे वजनात सात ते दहा टक्के घट, दारू व गोड पेये बंद आणि साखरेवर ताबा. ‘लिव्हर टॉनिक’च्या बाटल्या त्याची जागा घेत नाहीत.

तेव्हा प्रत्येक मधुमेही रुग्णाची ही रक्ततपासणी मानोऱ्यातच विनामूल्य व्हावी, वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात यकृताचा कठीणपणा मोजणारे यंत्र असावे, आणि शिधावाटप दुकानांत तूरडाळ नियमित मिळावी. तालुक्याच्या प्रतिनिधींनी या तिन्ही मागण्या जिल्हा नियोजन समितीपुढे मांडून उत्तर लेखी घ्यावे.