फतेह मैदान खेळाडूंचे की मंडपवाल्यांचे?

बशीरबागेजवळील लालबहादूर शास्त्री स्टेडियमला जुना हैदराबादकर अजूनही फतेह मैदानच म्हणतो. १६८७ साली गोवळकोंड्याला वेढा घालणाऱ्या औरंगजेबाच्या फौजेचा तळ येथे होता आणि विजयानंतर हे नाव पडले, असे सांगतात. निजामाच्या अमदानीत येथे पोलो चाले. शास्त्रीजींचे नाव मिळाले ते १९६७ साली.

आम्हां मराठी हैदराबादकरांस हे मैदान प्रिय आहे ते नोव्हेंबर १९५५ मुळे. न्यूझीलंडविरुद्धचा तो या शहरातील पहिला कसोटी सामना. कर्णधार गावचाच, गुलाम अहमद. आणि आपल्या शेजारच्या सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगरने २२३ धावा काढल्या. कसोटीत भारतीयाचे ते पहिलेच द्विशतक! विजय मांजरेकरचेही शतक झाले आणि सुभाष गुप्तेने एका डावात सात गडी टिपले. इतके होऊनही सामना अनिर्णितच राहिला, ही चुटपुट वेगळी. पुढे १९६९ साली त्याच न्यूझीलंडने येथे आपला डाव ८९ धावांत गुंडाळला व अखेर पावसानेच आपली लाज राखली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सचिन तेंडुलकर व राहुल द्रविड यांची १९९९ सालची ३३१ धावांची भागी तर तरुणांनाही आठवत असेल.

२००५ पासून आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामने उप्पलच्या नव्या स्टेडियमवर होऊ लागले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. उलट, शहराच्या मध्यावरील हे मैदान आता फुटबॉल खेळणाऱ्या, धावणाऱ्या मुलांना अधिक मोकळे मिळावयास हवे. रहीमसाहेबांच्या शिकवणुकीखाली भारताने १९६२ साली जकार्तात फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या गावात एवढी अपेक्षा गैर नव्हे.

परंतु ‘बहुउद्देशीय’ हा शब्द मोठा लवचिक आहे. १९८३ साली एन. टी. रामाराव यांनी व २०२३ साली रेवंत रेड्डी यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ येथेच घेतली. लोकांचे राज्य लोकांसमक्ष सुरू व्हावे, यात वावगे काहीच नाही. मात्र कोणत्याही मैदानात मंडपाचे खांब रोवले, हिरवळीवरून मालमोटारी फिरल्या, की सोहळा एका दिवसात उरकतो आणि खड्डे खेळाडूंच्या वाट्याला राहतात. म्हणून आमची मागणी साधी आहे: समारंभ कोणाचाही असो, मैदान पूर्ववत करण्याची रक्कम आधी अनामत घ्यावी, त्यासाठी मुदत ठरवावी आणि ती तारीख फाटकावर लावावी, म्हणजे सकाळी बूट घेऊन आलेल्या पोराला केव्हा परत यायचे ते कळेल.