पट्टी काढू नका, मॅडम!

सीताबर्डी इंटरचेंजला उतरलात की ऑरेंज लाइनवरून अ‍ॅक्वा लाइनकडे जायला तुम्ही कुणाला विचारत बसता का? रंग बघता, बाण बघता, चालू पडता. ऑफिसात पोचल्यावर पहिलं काय उघडता? कॅलेंडर. आणि तीनची मीटिंग न सांगता चारवर गेली, की डोकं फिरतंच ना राजा! मग ऑटिझम असलेल्या मुलाच्या बाकावर चित्रांची पट्टी दिसली, की आपल्याला लगेच 'बिचारा' का वाटतो?

माझा भाचा इथल्याच एका रेग्युलर शाळेत तिसरीत आहे. त्याच्या पट्टीचा फंडा एकदम सिंपल. प्रार्थना, गणित, डबा, खेळ, व्हॅन. प्रत्येकाचं एक लॅमिनेट केलेलं कार्ड, मागे वेल्क्रो. काम संपलं की साहेब कार्ड खर्रकन ओढतात (तो आवाज त्याला जाम आवडतो) आणि 'झालं' लिहिलेल्या पाकिटात टाकतात. बाईंनी सांगितलेलं हवेत विरतं, चित्र मात्र समोर राहतं. आता काय, नंतर काय, आणि हे संपणार कधी, एवढं कळलं की त्याचं निम्मं टेन्शन खल्लास. सगळ्यात भारी म्हणजे पिवळं 'बदल' कार्ड. पीटीचे सर आले नाहीत, तर खेळाच्या जागी आधी ते लागतं, मग शेजारी चित्रकला.

आयडिया तशी जुनी आहे. एरिक शॉप्लर यांचा 'टीच' हा कार्यक्रम नॉर्थ कॅरोलायनात १९७२ पासून हेच करतोय. आपल्याकडे आयआयटी मुंबईत 'जेलो' नावाचं अ‍ॅप तयार झालं. बोलता न येणाऱ्या मुलाने चित्राला हात लावला, की फोन त्याच्यासाठी बोलतो, तेही मराठीत.

लोचा झाला दिवाळीनंतर. "आता छान करतोय, उगाच सवय नको," म्हणत वर्गशिक्षिकेने पट्टी काढली. आठवडाभर डबा भरलेलाच परत. खेळाच्या तासाला पठ्ठ्या बाकाखाली. वर शेरा: 'हट्टीपणा वाढला आहे.' अहो, छान करत होता तो पट्टीमुळेच! मी डेडलाइन पाळल्या म्हणून उद्या माझं आउटलुक काढून घेणार का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मुलाच्या गरजेप्रमाणे अशा सोयी करणं हे मान्यताप्राप्त शाळेचं काम आहे, मेहेरबानी नाही. ताई हे सगळं पाठ करून गेली होती. पण स्टाफरूमच्या भिंतीवर मॅडमचं स्वतःचं रंगीत टाइमटेबल टांगलेलं दिसलं. तिने नुसतं तिकडे बोट दाखवलं.

पट्टी परत आली. हळूहळू चित्रं कमी होऊन शब्द येताहेत. पुढच्या वर्षी खिशातली छोटी डायरी करायचा प्लॅन आहे. 'बदल' कार्ड मात्र पिवळंच हवं, असं त्याने बजावलंय.