चैन ‘करणे’ आणि चैन ‘पडणे’

मराठीतला ‘चैन’ हा शब्द मोठा दुटप्पी आहे. चैन ‘केली’ जाते तेव्हा तो उधळपट्टीच्या शेजारी जाऊन बसतो. चैन ‘पडत नाही’ तेव्हा तोच मनःस्वास्थ्याचे नाव होतो. पहिली सुटली तर माणूस शहाणा झाला असे आपण म्हणतो. दुसरी हरवली तर तो तळमळतो. उत्पन्न घटलेल्या घरात या दोहोंची गल्लत फार सहज होते.

टाळेबंदीत निम्म्यावर आलेला माझा अध्यापकी पगार २०२२ उजाडले तरी पूर्ववत झाला नव्हता. एका रात्री वहीच्या पानावर उभी रेघ ओढून मी ‘गरज’ आणि ‘चैन’ असे दोन रकाने केले. घराचा हप्ता, किराणा, औषधे डावीकडे. बाहेरचे खाणे, नवे कपडे, दोन मासिकांची वर्गणी आणि आईचा गुरुवारचा रिक्षाखर्च उजवीकडे. आई भजनी मंडळात जात असे; जाऊन-येऊन ऐंशी रुपये. ‘भजन काय, घरीही म्हणता येते,’ असे मी म्हणालो. ‘बरोबर आहे तुझं,’ ती म्हणाली.

हॉटेलची आठवण महिन्याभरात विरली. मासिके सहकाऱ्याकडून उशिरा का होईना, मिळू लागली. आईने मात्र घरी एकदाही भजन म्हटले नाही. मंडळातल्या बायकांचे फोन आले की ‘गुडघे दुखतात’ असे सांगू लागली. पैशांचे कारण तिला सांगवत नव्हते.

अ‍ॅडम स्मिथने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये (१७७६) लिननच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. ग्रीक-रोमन लोक त्यावाचून सुखाने जगले. पण स्मिथच्या काळातल्या युरोपात साध्या मजुरालाही त्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटे, म्हणून तो सदरा त्याने जीवनावश्यक गोष्टींत धरला. गरजेची ही व्याख्या पोटापाशी थांबत नाही. चारचौघांत मान ताठ ठेवून वावरता येणे तिच्यात येते. या मापाने माझी वही चुकली होती.

साधेपणाचा गौरव आपण वर्गात उत्साहाने शिकवतो. पण थोरो १८४५ मध्ये वॉल्डनकाठी राहायला गेला तो स्वेच्छेने, आणि जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची होती. हवे तेव्हा परतण्याची मोकळीक असलेला साधेपणा आणि लादलेली काटकसर यांना एकच नाव देणे हा वाङ्मयीन आळस आहे. तो मीही वर्षानुवर्षे केला.

त्याहून अवघड प्रश्न, लेखणी कोणाच्या हाती होती हा. पुढे ती वही पुन्हा चाळली तेव्हा दिसले की माझा टपरीवरचा रोजचा दोन वेळचा चहा कोणत्याच रकान्यात नव्हता. तो खर्च आहे हेच मला सुचले नव्हते. दुसऱ्याची चैन चटकन दिसते. आपली सवय होऊन बसलेली असते. घरोघरी ही यादी बहुधा कमावणारा करतो, आणि पहिली काट ज्याला विचारले जात नाही त्याच्या नावावर बसते.

म्हणून उत्पन्न घटल्यावर ‘हे नसले तर चालेल का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘हे नसले तर कोण कोणापासून तुटेल?’ हेही विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर एकट्याने देऊ नये. आईचा रिक्षाखर्च मी पुन्हा सुरू केला. ती जाते, पण निघताना अजूनही ‘जाऊ ना?’ असे विचारते. तो प्रश्न माझ्या वहीने तिला शिकवला.