झडलेली पिसे आणि घाईचा निकाल

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी चार-आठ दिवसांत पिसे टाकू लागते, अंडी थांबतात आणि घरात निकाल लागतो: विकणाऱ्याने आजारी कोंबडी गळ्यात मारली. मग ती कापली जाते किंवा पडत्या भावात पुढच्या बाजारात जाते. अनेकदा हा निकाल चुकीचा असतो.

वर्षभर अंडी दिलेली कोंबडी दिवस लहान होऊ लागले की पिसे बदलते. प्रवास, उपासमार, नवे खुराडे यांच्या ताणानेही ही पीसगळ अवेळी सुरू होते. पिसे बहुतांशी प्रथिनांची. ती घडवायची तर अंडी थांबणारच. दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते. गळती डोके-मानेपासून सुरू होऊन पाठ, छाती, पंख, शेपटीकडे सरकते आणि उघड्या कातडीवर नव्या पिसांचे टोकदार कोंब दिसतात. तुरा फिकटतो; पण कोंबडी चरते, पाणी पिते.

कोंब नाहीत आणि शेपटीखाली उवा, लिखा दिसतात, तर संशय परजीवींचा. धाप, वाकडी मान, हिरवट पातळ विष्ठा ही लक्षणे मात्र रानीखेतसारख्या रोगाची असू शकतात. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखाना गाठण्यात दिवस घालवू नये.

खरी चूक वेगळीच होते. नवी कोंबडी पहिल्याच रात्री जुन्यांत कोंडली जाते. ती तीन-चार आठवडे वेगळी ठेवली, तर पीसगळीला वेळ मिळतो आणि रोग असलाच तर बाकीचे खुराडे वाचते.